सरकत्या छपराची खोली

मी ज्या खोलीचं मोजमाप घ्यायला गेले होते, तिचं छप्पर माझ्या डोक्यावरून सरकत निघून गेलं.

खोटं नाही सांगत. शहाऐंशी सालचा एप्रिल होता, संध्याकाळची वेळ. मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर शुभदा सोसायटी नावाची इमारत – चार मजले, लिफ्ट नाही. मी, सुगंधा धुरी, वॉर्ड ऑफिसात दुय्यम अभियंता. आमच्या खात्यातल्या अभियंत्यांत मी एकटीच बाई. शुभदाच्या गच्चीवर कुणीतरी परवानगीशिवाय खोली बांधल्याची तक्रार आली होती, म्हणून टेप घेऊन धापा टाकत वर चढले होते.

खोली होतीच. प्लायवूडच्या भिंती, वर पत्रा, दार नुसतं लोटलेलं. आत अंधार, आणि मधोमध ताडपत्रीखाली झाकलेलं कसलंसं उंच धूड. मी टेपचं टोक भिंतीला टेकवलं, आणि वर काहीतरी गडगडलं. पहिल्यांदा वाटलं, विमान. मग पायाशी उजेडाची एक फट पडली. ती रुंदावत गेली. वर पाहिलं तर पत्रा आपला सावकाश, शांतपणे बाजूला चाललेला… आणि मागून आभाळ आत येत होतं. अख्खं आभाळ, खोलीभर.

मी मटकन खाली बसले.

भिंतीवरून एक चेहरा डोकावला. विस्कटलेले केस, कपाळावर घाम, आणि माझ्यापेक्षाही जास्त घाबरलेले डोळे.

"अरे बापरे… तुम्ही आत होतात?"

"मी म्युनिसिपालिटीतून आलेय," मी बसल्या बसल्याच म्हटलं. "हे काय आहे?"

"छप्पर."

"ते कळलं. गेलं कुठे?"

"इथेच आहे, रुळावर. परत आणू?"

मी उठून साडी झटकली आणि आवाजात जमेल तेवढं ऑफिस आणलं. "खोलीची उंची लिहायचीय मला. किती लिहू?"

"छप्पर असताना की नसताना?"

हसू आलं होतं, पण दाबलं. वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

त्याचं नाव चंद्रप्रकाश मयेकर. तिथल्याच दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहायचा, आणि एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायचा. ताडपत्री त्याने अशी काढली, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं. खाली दुर्बीण होती. पुरुषभर उंचीची, पांढऱ्या रंगाची, दोन हातांत मावणार नाही एवढी जाड नळी.

"विकत कुठे मिळाली?"

"मिळत नाही. आरसा मीच घासला." नळीच्या तळाशी त्याने मला वाकून बघायला लावलं. आत एक गोल आरसा होता, ताटाएवढा. "दोन काचा एकमेकींवर घासायच्या, मध्ये पूड टाकून. घासत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. दोन वर्षं गेली."

"दोन वर्षं, नुसतं घासत?"

"कधी कधी जेवायचो पण."

मी आरशात पाहिलं. माझाच चेहरा दिसला, पण उलटा आणि मोठा, आणि त्याच्या मागे मघाचंच आभाळ. कोणी हाताने, आपल्या दोन हातांनी, असं काही करू शकतो? मी सिमेंट-विटांच्या दुनियेतली. तिथे सूतभर फरक चालून जातो. इथे, तो म्हणाला, केसाच्या जाडीचा फरकही शेकडो पटीने जास्त. माझी नजर त्याच्या बोटांकडे गेली. आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिली…

"मयेकर," मी सावरून म्हटलं, "ही खोली काढावी लागेल."

मग मी त्याला नियम समजावून सांगितला. गच्चीवर पाण्याची टाकी चालते, जिन्याची खोली चालते. बाकी काहीही बांधलं की ते इमारतीच्या बांधकामात धरलं जातं, आणि शुभदाच्या प्लॉटवर जेवढं बांधता येतं तेवढं आधीच बांधून झालं होतं. एक चौरस फूटही शिल्लक नव्हता.

"म्हणजे काहीच मार्ग नाही?"

"एक आहे. नियमातून सवलत मागायची. अर्ज आयुक्तांपर्यंत जातो. पण त्यात अडचण दाखवावी लागते, खरी अडचण."

"शनी दिसत नाही, ही अडचण चालेल?"

"मयेकर, लोकांना शनी दिसला की अडचण होते."

तो एवढ्या मोठ्याने हसला की खालच्या मजल्यावरच्या माणिकरावांनी छताला काठी ठोकली. तक्रार त्यांचीच होती. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं – रोज रात्री डोक्यावर पत्रा गडगडला तर कोण सहन करील?

त्याने अर्ज केला. मेच्या सुरुवातीला तो अर्ज माझ्या टेबलावर आला. सोबत नकाशा, दुर्बिणीचं चित्र, आणि अडचणीचं पान. पश्चिमेला डोंगर आहेत, रस्त्यावर दिव्यांचा उजेड आहे, पूर्वेला मिठागरं आणि खाडी आहे आणि तेवढाच अंधार आपल्या वाट्याला उरला आहे, म्हणून गच्चीच हवी. उघड्यावर ठेवली तर पावसात दुर्बीण खलास. सरळ, साधं लिहिलेलं. जागेची पाहणी करून मी अहवाल द्यायचा, आणि मग फाइल वर जायची.

"पाहणी झालीय की," मी त्याला ऑफिसात म्हटलं.

"दिवसा झालीय. वापर तर बघितलाच नाहीत तुम्ही." टेबलावर दोन्ही हात ठेवून तो थोडा वाकला. "वापर न बघता अहवाल कसा लिहिणार, धुरी मॅडम?"

शेजारच्या टेबलावरच्या तांडेलांचं पेन थांबलं. माझे कान गरम झाले.

"कधी येऊ?"

"शेवटच्या आठवड्यात या. अंधार पडला की लगेच उगवतोय."

मी गेले. त्याआधी कुर्ल्याला घरी जाऊन साडी बदलली. एकदा नाही… जाऊ दे.

गच्चीवर पोचले तेव्हा मिठागरांवर संध्याकाळचा शेवटचा रंग होता. पाण्याचे चौकोन आधी गुलाबी, मग राखाडी, मग नुसते चमकणारे. खाडीवरून खारट वारा येत होता. आम्ही कठड्याला टेकून वाट पाहत उभे राहिलो. तो मधूनच एखादी चांदणी दाखवायचा, आणि मी तिच्याऐवजी त्याच्या बोटाच्या टोकाकडेच पाहायची.

"तुमचं नाव काय शोधून ठेवलंय हो," मी म्हटलं. "चंद्रप्रकाश. तारे बघणाऱ्याला शोभतं."

"कसलं शोभतंय. चंद्रप्रकाशात तारे दिसत नाहीत. आईने माझ्या धंद्याचाच घात करून ठेवलाय."

"मग आज?"

"आज चंद्र उशिरा आहे. एकच चंद्रप्रकाश आहे गच्चीवर… तोही फार उजेड पाडत नाही."

मग त्याने छप्पर सरकवलं. आता ते गडगडलं नाही. रुळाखाली त्याने रबर घातलं होतं, माणिकरावांसाठी. त्याने नळी आग्नेयेकडे वळवली, बराच वेळ डोळा लावून काहीतरी हळुवार फिरवत राहिला, आणि बाजूला झाला.

"नळीला हात लावू नका. नुसता डोळा आणा. आधी काही दिसणार नाही… थांबा."

आधी काहीच दिसलं नाही. काळं, नुसतं काळं. मग कडेने काहीतरी तरंगत आलं.

कसं सांगू? एक छोटासा पिवळसर गोळा. त्याच्याभोवती कडं. गोळ्याला कुठेही न टेकलेलं, चहूबाजूंनी सुटं, लखलखीत कडं. चित्रात पाहिलं होतं शाळेत. पण चित्र कुणीतरी काढलेलं असतं. हे कुणी काढलं नव्हतं. हे तिथे होतं. आत्ता होतं, आणि किंचित थरथरत होतं, जिवंत असल्यासारखं.

मी डोळा काढला आणि वर पाहिलं. मिठागरांच्या वर एक साधी, पिवळी चांदणी. पुन्हा डोळा लावला. कडं.

"हा… शनी?"

"हो."

त्याला काय माहीत? माझ्या पत्रिकेत साडेसाती होती. तीही ऐन मधली, कडक. त्यापायी दोन स्थळं परत गेली होती. आई दर शनिवारी मला देवळात न्यायची, तेल घालायला लावायची, आणि वाटेत एक शब्द बोलायची नाही. गेली दोन वर्षं घरात काहीही बिनसलं – गिरणी बंद पडून बाबा घरी बसले, माझं लग्न लांबलं – की बोट याच्याकडे. आणि हा… इतका सुंदर होता.

"मी याला घाबरते," मी डोळा न काढता म्हटलं. "म्हणजे… घाबरायचे."

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "माझ्या आजीनेही कधी वर पाहिलं नाही याच्याकडे," तो म्हणाला. "मी दाखवणार होतो. आरसा तयार व्हायच्या आधी ती गेली."

वाऱ्याने माझा पदर उडून नळीवर आला. त्याने तो दोन बोटांत धरून अलगद बाजूला केला, आणि सोडायला विसरला.

"हा उजेड ताजा नाही बरं," तो जरा वेळाने म्हणाला. "सव्वा तासापूर्वी तिथून निघालाय. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी मोजलं. आणि अंधार होता म्हणून बरं झालं.

"घरी. आरशासमोर."

"कितवी साडी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," तो म्हणाला. "आता कळलं."

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसले. बांधकाम तात्पुरत्या स्वरूपाचं. स्लॅबला तडा नाही. वजन अमुक. वापर… आणि 'वापर' या शब्दापुढे माझं पेन जे सुटलं ते थांबेना. कडं, वारा, पिवळा रंग, थरथर. पानभर लिहून झाल्यावर मी वाचलं. म्युनिसिपालिटीच्या अहवालात विशेषणं नसतात. इथे विशेषणांशिवाय काही नव्हतं. ते पान फाडलं. दुसरं लिहिलं, कोरडं ठणठणीत, एकेक शब्द खरा. सवलत द्यायला हरकत नाही, असं शेवटी लिहिलं, आणि सही करायच्या वेळी हात थांबला.

कारण ते खरं असलं तरी ते मी लिहिलेलं होतं. उद्या कुणी म्हणालं, धुरीबाई रोज संध्याकाळी त्या गच्चीवर असते, तर? अर्ज बुडेल. त्याची दोन वर्षं बुडतील. आणि माझी नोकरी… बाबा घरी बसल्यावर आमचं घर माझ्याच पगारावर चालत होतं.

मी आमच्या साहेबांसमोर, रोझारिओ साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. साहेब वाकोल्याचे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे.

"सर, शुभदाची फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का गं? खोटं लिहिलंय काय?"

"नाही सर. सगळं खरंय."

"कुणी दम दिला?"

"नाही."

"मग?"

मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. "मला तिथे परत जायचंय, सर. फाइलशिवाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी माझ्या हातातून फाइल घेतली, माझा अहवाल बाजूला काढून परत दिला आणि हाक मारली, "तांडेल, ही घे. नव्याने बघून ये. कडक बघ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निकाल लागेपर्यंत तिथे पाय ठेवायचा नाही. समजलं ना?"

"हो सर."

"गच्चीवर, म्हणतोय मी. बाकी मुलुंड मोठं आहे."

त्याच संध्याकाळी मी स्टेशनबाहेर त्याला गाठून सांगितलं. तो कॉलेजातून येत होता, खांद्याला शबनम पिशवी, हातात केळी. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तुम्ही सोडून दिलंत."

"फाइल सोडली."

"तांडेल म्हणजे ते पेन थांबवून बघत होते तेच ना? ते नाही म्हणतील. शेजाऱ्यांची संमती लागते, आणि माणिकरावांची सही नाही अजून. वाट लागली सगळी." तो फूटपाथच्या कडेला बघत होता. "मला वाटलं होतं, तुम्हाला तरी कळलं. काल तुम्ही ज्या तऱ्हेने बघत होतात…"

"कळलं म्हणूनच सोडली." माझा आवाज चढला, आणि शेजारचा भाजीवाला आमच्याकडे बघायला लागला. मी आवाज खाली आणला. "मी लिहिलेलं कोण खरं मानेल, चंद्रप्रकाश? जिला रोज तुम्हाला भेटावंसं वाटतं, तिने तुमच्या बाजूने लिहिलेलं?"

माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्याच्या हातातली केळी एकेक करून देठापासून सुटायला आली होती.

"रोज?" तो शेवटी म्हणाला.

"रविवार धरून."

"मग… हे आधी सांगायचं ना गं."

त्या 'गं'वर मी रस्त्यातच लाजले. आणि तिथून आम्ही 'तू'वर आलो ते आलोच.

पावसाळ्याचे चार महिने आभाळ बंद होतं. आरसा काढून त्याने आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून कपाटात ठेवला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावायचा नाही असा नियम असल्यामुळे खोली नुसती भिजत उभी राहिली. आम्ही मुलुंडच्या रस्त्यांवर एका छत्रीत हिंडलो, खाडीपर्यंत गेलो, हॉटेलात एकेक चहा पुरवून प्यायलो. फाइलबद्दल तो विचारायचा नाही आणि मी सांगायची नाही. तांडेल दोनदा पाहणी करून आले तेवढं कळलं, कारण दुसऱ्यांदा परत आल्यावर ते दिवसभर खिडकीतून ढगांकडे बघत बसले होते.

माणिकरावांनी सही केली. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला नाही, आजतागायत नाही. फक्त म्हणाले, "आवाज गेला ना, मग माझी तक्रार कशाबद्दल?"

दसऱ्याच्या आधी आदेश आला. सवलत मंजूर. अटी होत्या: बांधकाम तात्पुरतंच राहील, राहायला वापरायचं नाही, छप्पर उघडणारंच ठेवायचं, दर वर्षी नव्याने परवानगी घ्यायची. तांडेलांनी कागद माझ्या टेबलावरून नेता नेता क्षणभर माझ्यासमोर धरला, आणि पुढे गेले. मी टायपिस्ट मुलींच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. तीन मुली काही न विचारता रुमाल घेऊन उभ्या राहिल्या.

घरी सांगणं बाकी होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि आईकडे पाहिलं. आई भांडी घासायला उठली. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माका बघूक व्हया."

"त्याला?"

"त्याका तर बघतलंयच. तां काय असा, तां आधी बघूक व्हया." तिचं बोट वर, आभाळाकडे होतं.

आईला गुडघ्यांचा त्रास. शुभदाचे चार मजले चढताना ती प्रत्येक वळणावर थांबली, पण माझा हात धरला नाही. चंद्रप्रकाश गच्चीच्या दारात उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, केस चापूनचोपून बसवलेले. तो वाकून पाया पडला. आईने त्याला खालून वर पाहिलं आणि फक्त "बरां" म्हणाली.

पाऊस संपून आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. खाडीच्या वर एक मोठी, स्थिर, पांढरी चांदणी होती. मिठागरांच्या पाण्यातसुद्धा ती दिसत होती. त्याने छप्पर सरकवलं तेव्हा आईने पटकन पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा.

"कोन ता?"

"गुरू," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाच्या प्रत्येक बोलण्यात, प्रत्येक भटजीच्या तोंडून तिने ऐकलेलं नाव – मुलीला गुरुबळ नाही, यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. तिने हात जोडले. मग लहान स्टुलावर चढली. या वेळी मात्र तिने आधार घेतला, माझा नाही, त्याच्या खांद्याचा. आणि डोळा लावला.

गच्ची शांत झाली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली, तेवढीच. आई हलली नाही. तिच्या कपाळावरची आठी मी जन्मल्यापासून पाहत आले होते. ती हळूहळू सैल होताना त्या अंधुक उजेडातही मला दिसली.

"त्येच्या बाजूक ते बारके बारके काय असत? एका रांगेत?"

"चंद्र आहेत. त्याचे."

"एकाक चार?"

"ह्या दुर्बिणीतून चार दिसतात. आहेत त्याहून जास्त."

"देवा म्हाराजा," आई पुटपुटली. तिने डोळा काढला नाही. श्वासही जपून घेत होती, जणू तेवढ्याने ते चार दिवे विझतील.

आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो. अंधारात त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, खरखरीत, टोकांना काचेच्या पुडीने घासून घासून गुळगुळीत झालेली. मी ती धरली. माझी आई चार हात अंतरावर होती, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. ती आमच्यापासून कितीतरी लांब गेली होती, कितीतरी कोटी मैल. तिथून परत यायला तिला वेळ लागणार होता.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. डोळा अजून तिथेच.

"सुगंधा."

"काय गं?"

"येत्या आयतवारी त्येका जेवक बोलव." जरा थांबून ती म्हणाली, "मासे चलतत मां त्येका, इचार."

"चलतत," तो माझ्या शेजारून म्हणाला.